शेकोटीवरची हजेरी

पहाटे ५.३०
आशाताई गावच्या आशा कार्यकर्त्या. त्यांच्या घरात पहिला जाळ चहासाठी नसतो, पाण्यासाठी असतो. तुराट्यांची मोळी दवात भिजू नये म्हणून पत्र्याखाली लावून ठेवलेली. चार तुराट्या मोडून चुलीत सारल्या की भडका उठतो, पण टिकत नाही. म्हणून मागं बाभळीचं एक लाकूड. सासूबाई जाग्या आहेत, पण वाकळेतून बाहेर यायचं नाही. ऊन दारात आल्याशिवाय आंघोळ नाही, हा या घरचा हिवाळ्याचा नियम. सासूबाईंना तो मान्य नाही. जन्मभर त्यांनी उजाडायच्या आत आंघोळ उरकली. सून सांगते, थंडीनं शिरा आकसतात, पहाटेच बीपी चढतं, उठल्या उठल्या गार फरशीवर पाय टाकू नका. आधी चहा, मग गोळी, मग ऊन.

"गावाला सांगतीस ते सांग, मला कशाला?" सासूबाई वाकळेतूनच बोलतात. उठत मात्र नाहीत.

गाव जळकोट तालुक्यातलं. बालाघाटाचा माथा, हलकी जमीन. तालुका झाला १९९९ साली. त्याआधी इथल्या बऱ्याच गावांना दाखल्यासाठी, तारखेसाठी उदगीर गाठावं लागे. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, होऊन पंधरवडा झाला आहे, संक्रांतीला दहा-बारा दिवस आहेत. उत्तरेचं वारं सुटलं की इथला पारा दहाच्या आसपास येतो, एखाद्या रात्री त्याच्याही खाली. माळावर त्याला अडवणारं काही नाही.

पिशवी भरून झाली. थर्मामीटर, ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉलची पाकिटं, ओआरएस, कापूस, जाड वही, दोन पेनं. आणि खोबरेल तेलाची दहा रुपयांची बाटली. ती सरकारी यादीत नाही.

सकाळी ६.१५
पारावर शेकोटी पेटलेली. पालापाचोळा, तुराट्या, कुणीतरी आणलेलं मोडकं खोकं. एकानं सायकलचं फाटकं टायर टाकलंय, काळा धूर निघतोय. आशाताई आधी काठीनं ते टायर बाहेर ओढतात. "छातीत जाईल की तात्या हे. रात्रभर खोकलाव न्हाई का?"

मग त्या मोजतात. बोलता बोलता, कुणाला कळू न देता. मफलरवाले तात्या आलेत. कानटोपीवाले मामा आलेत. घोंगडी पांघरलेले दोघे भाऊ आलेत. बोलत नाहीत एकमेकांशी, पण जाळाच्या दोन बाजूंना रोज असतात. मी आज दिवसभर त्यांच्यासोबत आहे. मला आधी वाटलं, ताई घटकाभर शेकायला थांबल्यात. ही त्यांची हजेरी आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची घरं गावभर पांगलेली, सगळ्यांची दारं रोज सकाळी वाजवणं शक्य नाही. शेकोटीला आलेला माणूस उठला, चालला, बोलला. त्याची काळजी नऊ वाजेपर्यंत नाही. न आलेल्याची लगेच.

बाया पारावर येत नाहीत. त्यांची हजेरी हापशावर.

आज एक कमी आहे. वरच्या आळीचे आबा.

सकाळी ६.४०
दार आतून ओढून घेतलेलं. हाक मारली, ओ नाही. दुसरी हाक मारली तेव्हा आतून खोकला आला. दार ढकललं.

एका खणाची खोली. खिडकीत पोतं कोंबलेलं, दाराच्या फटीत चिंधी. मधोमध लोखंडी घमेलं, त्यात बाभळीचे निखारे, वरून राख. धूर अजिबात नाही. बाजेवर आबा, अंगावर दोन वाकळा. "डोकं बांधल्यावाणी झालंय," म्हणाले. मळमळतंय म्हणाले.

ताईंनी आधी दार सताड उघडलं, खिडकीतलं पोतं ओढलं, घमेलं बाहेर अंगणात नेऊन ठेवलं. मग आबांना धरून ओसरीवर आणलं. हे सगळं झाल्यावर ऑक्सिमीटर काढला. हे यंत्र २०२० सालचं. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली तेव्हा घरोघर फिरायला मिळालेलं. सेल बदलले, चिमट्याला रबर लावलं, चालतंय. आबांची बोटं गार, आकडा येईना. ताईंनी त्यांचा हात दोन्ही तळव्यांत धरून चोळला. मग आकडा आला, ९७.

माझा जीव भांड्यात पडला. ताईंचा नाही. "हे मशीन इथं खोटं बोलतंय," त्या म्हणाल्या. उपकेंद्रातल्या मॅडमनी त्यांना शिकवलेलं. कोंडलेल्या खोलीत निखारे धुमसले की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा धरून बसतो, आणि बोटाला लावायच्या यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असतो आणि यंत्र ९७ दाखवतं. धूर दिसला असता तर आबांनीच दार उघडलं असतं. निखाऱ्याला धूर नसतो, म्हणूनच तो घरात येतो.

मॅडमना फोन. मोकळ्या हवेत बसवा, चालू देऊ नका, मी बघायला येते. भोवळ आली, उलटी झाली, बोलण्यात गोंधळ वाटला तर माझी वाट बघू नका, १०८ लावा. शेजारची काकू चहा घेऊन आली. अर्ध्या तासानं आबांनी तंबाखूची डबी कुठंय म्हणून विचारलं. ताईंच्या मते ते बरं लक्षण.

"रातच्याला लई वाजलाली थंडी," आबा सांगतात. मुलगा आणि सून दिवाळीनंतर कोयता घेऊन गेलेत, कारखान्याला. पोरगा असता तर रात्री उठून निखारे बाहेर टाकले असते. तो मार्चात येईल, नाहीतर एप्रिलात.

सकाळी ८.३०
घरी. दोन भाकरी, वरण, लसणाची चटणी. मुलीची वेणी. सासूबाई उन्हात बसून तूर निवडतायत, आंघोळ अजून व्हायची आहे.

सकाळी ९.४५
आता घरं. वहीत एक पान वेगळं. त्याला शीर्षक नाही, नुसती घरांची यादी आणि पुढं खुणा. गोल म्हणजे बीपी. चौकोन म्हणजे शुगर. फुली म्हणजे घरात दुसरं कुणी नाही. फुल्या दिवाळीनंतर वाढतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला कमी होतात. या तालुक्यातून आणि शेजारच्या मुखेड-कंधारकडून माणसं ऊसतोडीला जातात, हैदराबाद-पुण्याला बांधकामावर जातात. ऊस थंडीतच तोडायचा असतो. म्हणजे ज्या महिन्यांत म्हाताऱ्यांना माणूस लागतं, नेमकं त्याच महिन्यांत घरात माणूस नसतं.

पहिल्या घरी मावशी. गोळ्यांचं पाकीट दाखवा म्हटलं तर मावशींनी खोक्यातून काढलं. मोजल्या. आज जितक्या उरायला हव्यात त्याच्या दुप्पट उरल्यात.

"एक दिसाआड घेताव?"

"ती गोळी खाल्ली की रातच्याला सारखं उठावं लागतंय. बाहीर गार किती असतंय, तुला ठावं न्हाई का माय?"

संडास अंगणाच्या टोकाला. बारा हजारांच्या अनुदानातला, पक्का, दार नीट लागणारा. पण मधे उघडं अंगण, दोन पायऱ्या आणि दिवा नाही. म्हणून गोळी एक दिवसाआड, आणि पाणी तर दिवसभरात तांब्याभरही नाही. पाणी कमी म्हणून पोट साफ नाही. पोट साफ नाही म्हणून जेवण कमी. उठताना चक्कर. मावशी म्हणतात, थंडी बाधली.

ताई उपदेश करत नाहीत. गोळी बघतात. लघवीची गोळी आहे खरी, पण ती सकाळची. मावशी घेतात रात्री, कारण नातू फोनवर "जेवल्यावर घे" म्हणाला आणि मावशींचं जेवण एकच, रात्रीचं. "उद्यापासून सकाळच्या चहाबरोबर. बंद करायची असंल तर मॅडमला इचारून, आपल्या मनानं न्हाई." पाणी दिवेलागणीपर्यंत पिऊन घ्यायचं, कोमट. आणि रात्रीसाठी खोलीतच झाकणाची बादली. मावशींना लाज वाटते. ताई म्हणतात, माझी सासू पण ठेवती. ठेवते का, ते मी विचारलं नाही.

पुढची चार घरं भराभर. एका ठिकाणी टाचांच्या भेगा, त्यात माती. कोमट पाणी, तेल, मोजे. आठवडी बाजारात मोज्याचा जोड तीस-चाळीस रुपयांना मिळतो, कानटोपी साठला, रग साडेतीनशेच्या पुढं. एका घरी गॅसचं सिलिंडर भरलेलं, शेगडी पुसून वर कापड, आणि आजी चुलीपाशी खोकतायत. उज्ज्वलाचं आहे. सबसिडी मागून खात्यात येते, भरताना आधी पूर्ण पैसे मोजावे लागतात, म्हणून ते संक्रांतीला लेक आली की पेटणार. ताईंनी चुलीसमोरची खिडकी उघडून दिली आणि निघाल्या.

सकाळी ११.१०
रेशन दुकान. रांग उन्हात, म्हणून आज तक्रार नाही. तांदूळ-गहू फुकट आहेत, पण अंगठा लागायला हवा. आणि हिवाळ्यात अंगठा लागत नाही. आयुष्यभर खुरपं धरलेल्या बोटांच्या रेषा आधीच झिजलेल्या, त्यात थंडीनं कातडी सुकून फाटलेली. यंत्र लाल दिवा दाखवतं. दुकानदार म्हणतो, "पुसा, परत लावा." परत लाल.

आता खोबरेलाची बाटली निघते. थेंबभर तेल, अंगठा चोळायचा, पदरानं पुसायचा, हात काखेत धरून ऊब द्यायची, मग लावायचा. तिसऱ्या वेळी हिरवा लागला. रांगेतल्या आजींनी यंत्राला हात जोडले.

हाच अंगठा निराधारच्या पगाराला लागतो. पगार म्हणजे श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार. बँकमित्राकडं पुन्हा हेच यंत्र, हाच लाल दिवा. वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हेही दाखवावं लागतं. तालुक्याला जायला पंचाहत्तरच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, २०२२ च्या ऑगस्टपासून. तिकीट नाही, तरी सकाळच्या गारठ्यात फाट्यावर उभं राहावं लागतंच.

दुपारी १२.४०
उपकेंद्र. आबा बाकावर बसलेत, शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर आले. सकाळीच मॅडम त्यांना बघून गेल्या होत्या, आता बीपी पुन्हा घेतलं. १६८ वर ९६. गोळ्या आठ दिवसांपूर्वी संपल्यात. "मग आला का न्हाईत?" "बरं वाटत होतं की." मॅडमनी महिन्याच्या गोळ्या दिल्या, डोकेदुखी राहिली तर आजच, नाहीतर उद्या जळकोटच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना दाखवायची चिठ्ठी दिली. आबांनी चिठ्ठी टोपीत ठेवली.

ताईंनी दोन सीबॅक फॉर्म भरून दिले. तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा हा फॉर्म: तंबाखू, दारू, कंबरेचं माप, घरात कुणाला शुगर. एका फॉर्ममागं दहा रुपये. बीपी-शुगरच्या रुग्णाचा सहा महिने पाठपुरावा केला की पन्नास. आजच्या निखाऱ्यांसाठी कोणत्याच तक्त्यात रकाना नाही.

दुपारी २.३०
तांडा गावापासून दीड किलोमीटर. वाट हरभऱ्याच्या शेतातून. ऊन आता खरंच गोड लागतंय, आणि ताई पहिल्यांदाच स्वेटर काढून पिशवीत कोंबतात.

तांड्यावर हिवाळ्यात आवाज दोनच वयांचे, म्हाताऱ्यांचे आणि लेकरांचे. मधलं वय ऊसतोडीला. शाळेसाठी मागं ठेवलेली नातवंडं आजीजवळ. ज्या याडीकडं, म्हणजे तांड्याच्या बोलीत आईकडं, आम्ही गेलो तिच्याकडं तीन नातवंडं आहेत, एक शेळी आहे आणि शुगर आहे. ती सकाळी तिघांच्या भाकरी करते, दुपारी शेळी बांधावर नेते, रात्री तिघांना घेऊन एका वाकळेत झोपते. तिला सांभाळायचं असं ज्यांच्याबद्दल म्हणायचं, त्यांना तीच सांभाळते.

ती पाय पदराखाली ओढून बसलेली. ताईंच्या ते लगेच ध्यानात आलं.

"दाखव याडी."

"काय न्हाई त्याला."

"दाखव."

उजव्या टाचेवर लिंबाएवढा फोड, वरून टूथपेस्ट थापलेली, वाळून पांढरी झालेली. झालं असं की रात्री पाय गार पडतात म्हणून तिनं वीट चुलीत तापवली, फडक्यात गुंडाळली आणि पायाशी घेऊन झोपली. वीट जास्त तापलेली. तिला कळलंच नाही. शुगरनं पायाची जाण गेलेली. सकाळी नातीनं विचारलं, आजी, हे काय?

दुखत नाही, म्हणून तिची काही तक्रार नाही. ताईंसाठी तीच गोष्ट सगळ्यात वाईट. त्यांनी नातीला पाणी उकळून आणायला सांगितलं, ते गार होईस्तोवर थांबल्या. मग कापसानं टूथपेस्ट हळूहळू भिजवून काढली. याडी दुसरीकडं बघत शेळीला हाका मारत होती. फोड फोडायचा नाही, हे तीनदा सांगितलं. स्वच्छ, वाळलेलं सुती फडकं सैल बांधलं. या सगळ्याला पाऊण तास गेला. फोटो काढून मॅडमला पाठवला. रेंज नव्हती, म्हणून टेकाडावर चढून पाठवला. उत्तर आलं: उद्या सकाळी उपकेंद्रात आणा, शुगर बघू, पट्टी करू, गरज पडली तर पुढं पाठवू. चालत आणू नका.

"वीट न्हाई तर मंग काय घ्यायचं पायाशी?" याडीचा प्रश्न रास्त आहे. ताई म्हणाल्या, मोजे. दोन, एकावर एक. आणि पोरगी मधे झोपते तिला पायाकडं झोपव. नातीनं नाक मुरडलं.

चूल जमिनीलगत आहे आणि याडी वाकून फुंकते तेव्हा ओढणी पुढं येते. ताईंनी ती मागं खोचून गाठ मारून दाखवली. हे त्या प्रत्येक घरी करतात. हिवाळ्यात म्हातारी बाई जाळाच्या जास्त जवळ सरकते, आणि पदराचं टोक तिच्या आधी पोचतं.

दुपारी ४.२०
टेकाडावर रेंज आहे, म्हणून तिथूनच याडीच्या मुलाला फोन. तो राहायच्या कोपीत नाही, उसाच्या फडात आहे. मागं ट्रॅक्टरचा आवाज. पहाटे चारला तोड सुरू होते, दवानं भिजलेला पाला हातांना कापतो, आणि गाडी आली की रात्रीही मोळ्या भराव्या लागतात. टनाला साडेतीनशेच्या वर मिळतात. २०२४ च्या जानेवारीत दर ३४ टक्क्यांनी वाढला. पण मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, फिटेपर्यंत निघता येत नाही. ताई त्याला फोडाचं सांगतात. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणतो, "मी येऊ का?"

मुकादम सोडणार नाही, हे दोघांनाही माहीत. ताई म्हणतात, "यायचं न्हाई. रोज संध्याकाळी सातला फोन लाव आणि पायाचं इचार. ती मला खोटं सांगती, तुला सांगणार न्हाई."

शेवटी तोच विचारतो, तिकडं थंडी किती आहे. आणि सांगतो, हिकडं लई हाय.

संध्याकाळी ५.३०
ऊन भिंतीवरून उतरलं की गार पडायला दहा मिनिटं पुरतात. परतताना दोन-तीन दारांवर नुसता आवाज: जेवण उरका, पाणी प्या, बाज दाराच्या तोंडातून हलवा. एका आजोबांची बाज शेजारच्या दोन पोरांनी उचलून आतल्या भिंतीला लावली. मजुरी म्हणून त्यांना मूठभर हुरडा मिळाला.

आबांकडं वेगळा मामला. ते घमेलं शोधतायत. घमेलं काकूच्या माळवदावर आहे, ताईंनीच सकाळी ठेवायला लावलं. आबा चिडले. स्वतःच्या घरात स्वतःचं घमेलं नाही? ताईंनी वाद घातला नाही. ओसरीवर बसून शेकायचं असेल तर काकू देईल, जाळ विझेपर्यंत आबा बाहेर, मग आबा आत आणि घमेलं बाहेर. बाजेवर खाली पोतं, त्यावर सतरंजी, वर वाकळ. गारठा खालूनही येतो. डोक्याला टोपी झोपेतही. आणि खिडकीतलं पोतं अर्धंच लावायचं.

"आणि म्या उठलोच न्हाई सकाळी तर?"

"तर शेकोटीवर एक कमी येईल. मी हायच की."

रात्री ८.१५
जेवण झालं. ताई हिशोब लिहितात. आजचे दोन फॉर्म, वीस रुपये. तेलाची बाटली दहा. रिचार्ज महिन्याला तीनशेच्या घरात, तो कुणीच देत नाही. मोबदला वाढावा म्हणून २०२४ मध्ये आशांनी संप केला, मुंबईत आझाद मैदानावर बसल्या. त्याही गेल्या होत्या, एकच स्वेटर घेऊन. त्यानंतर राज्यानं आपल्या वाट्यात पाच हजारांची वाढ दिली. ते पैसे महिन्याच्या महिन्याला हातात पडतीलच असं नाही, म्हणून किराण्याच्या दुकानात अजून वही आहे.

उद्याचं ठरवायचं आहे. उद्या जळकोटला बैठक, एसटीचं अर्धं तिकीट. आबांना रुग्णालयात त्याच गाडीनं न्यायचं. पण याडीला तांड्यावरून उपकेंद्रात कोण आणणार? चालवायचं नाही. शेजारच्या पोराची मोटारसायकल आहे. त्याला बोलावलं. तो तयार आहे, नऊला निघतो म्हणाला, याडीला मागं धरून बसायला नातही येईल म्हणाला. गाडीत पेट्रोल नाही, पन्नासचं टाकावं लागेल.

ताईंनी वहीत लिहिलं: याडी, ९ वाजता, मोजे घालून. पेट्रोलचं कुणाकडून घ्यायचं त्यावर नवऱ्याचं आणि त्यांचं बोलणं बराच वेळ चाललं. मी निघालो तेव्हाही ते ठरलेलं नव्हतं.